पापणी लाल आहे, असं मी सांगत होतो

मंडळी, उन्हात कोणी राहू नका, सावलीत सरकून घ्या. वच्छलाबाईंच्या अंगणात, त्यांच्याच शोकसभेत, त्या नसताना, त्यांच्याबद्दल बोलायचं. म्हणून कागदावर लिहून आणलं आहे.

हिंगणीत शेळ्या पुष्कळांकडे आहेत. पण आधी पिल्लाची खालची पापणी ओढून आतला रंग पाहायचा आणि मगच स्वतःचा चहा घ्यायचा, हा नेम वच्छलाबाईंचा. लाल दिसली, ठीक. फिकी दिसली, तर रक्त कमी. मग शेवग्याचा पाला, सावलीत सुकवलेला, थोडा थोडा. त्यात लोह. नुसत्या दुधावर पोर पांढरंच राह्यते, असं त्या म्हणायच्या. मी एकदा पांडित्य केलं, की शेवग्याला संस्कृतात शिग्रु म्हणतात. त्यांनी वरही पाहिलं नाही. "पंडितजी, नाव ऐकून बकरीले रक्त चढते का? पाला तोडा."

आता पुढचं सांगायला मी भितो.

त्या तीन आठवडे दवाखान्यात होत्या. दोन पिल्लं माझ्यावर सोपवली होती. शेजारी म्हणून, विद्वान म्हणून नव्हे. रोज फोन यायचा. रोज एकच प्रश्न. "पापणी पाह्यली का?" मी रोज म्हणायचो, लाल आहे. कशी लाल? पळसफुलासारखी. उपमा उत्तम होती, मंडळी. पापणी मी पाहिलीच नव्हती. एकदाही नाही. दूध पाजत होतो, तेवढं पुरे वाटत होतं. शेवगा दारात उभा होता.

शेवटच्या फोनवर त्या म्हणाल्या, "मंग मले घोर नाई."

आज सकाळी पाहिली. थोरल्याची फिकट गुलाबी. धाकट्याची पांढरी. माझ्या हातातल्या या कागदासारखी. पाला तोंडाशी धरला, त्यानं मान फिरवली. पोटात जंत रक्त पीत असले तर नुसता पाला पुरत नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं. म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते वाटेत आहेत. तासाभरापूर्वीही वाटेतच होते.

वच्छलाबाई, पापणी पाहिली नव्हती. हे तुम्हाला फोनवर सांगायला हवं होतं.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. शांत. फक्त मागच्या गोठ्यातून धाकट्याचं ओरडणं ऐकू आलं, तर मौन मोडलं असं मानू नका. सकाळपासून मी त्याचीच वाट पाहतो आहे.