सेन्सरवरची फुंकर

वागळे इस्टेटच्या गॅरेजमध्ये मी स्कूटरसाठी थांबलेलो. शेजारी मेकॅनिक एका बाईंना त्यांच्या इंपोर्टेड जीपमधला सेन्सर मीटरला जोडून दाखवत होता.

“मावशी, इंजिनात किती हवा जाते ते हा मोजतो. फुंकर मारली की मीटरचा काटा हलतो. बघा.”

“पण तू फुंकायचा थांबलास ना रे?”

“हां ना. इंजिन पण बंद आहे, तरी काटा वरखाली होतोय. सेन्सर गेलाय, बदलून टाकू.”

“हळूहळू वर चढतो, मधेच अडकतो… आमच्या ह्यांना दम असाच लागायचा. ह्याच गाडीत गेले, कळव्याच्या पुलावर.”

“गाडी सारखी बंद पडते म्हणालात, ती तिथेच?”

“तिथेच.”

“मावशी, काटा थांबला.”

“सरक बाजूला. मला फुंकू दे.”