रत्नागिरीत आधी काय बघावं

मोठ्यांचं ऐकावं म्हणता ना, गड्यांनो? मग आमच्या काकांचं ऐका. आईला जन्मात एकदा समुद्रात पाय बुडवायचे होते, म्हणून आम्ही तिघं कोरेगावाहून रत्नागिरीला गेलो. खानावळवाल्या आजी वाढता वाढता म्हणाल्या, "आधी खाली किनाऱ्यावर जा. उन्हात गड चढू नका हो."

काका भडकले. "आवं, आमी साताऱ्याकडचं! आमाला गड शिकवताय व्हय?"

मी म्हटलं, "काका, गड आपल्याकडं पण हायत. आईला समुद्र बघायचाय."

"शाळा सोडलेल्यानं अक्कल शिकवू नगं!"

भर दुपारी अर्ध्या गडावर काकांना चक्कर आली. आई त्यांना पाणी पाजत बसली, मी वारा घालत. समुद्र नुसता खाली दिसत होता. महायुद्धाच्या लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून परतीची मोटार एकच. ती गाठायला तसेच पळालो.

परवा शेजारी रत्नागिरीला निघाले, तर काका ओट्यावरून त्यांना सांगतायत, "आदी किनाऱ्यावर जावा. उन्हात गड चढू नगा. आमी समदं हिंडून आलोय."

आई चहा घेऊन बाहेर आली.

"भावजी, किनाऱ्यावरचं पाणी गार असतंय का वं?"

काका बराच वेळ बशी फुंकत राहिले.