बाळूची वाकळ

वाकळ शिवायला सवड लागते म्हणतात. खोटं हाय बायांनो, माझी कशी पुरी झाली ते ऐका.

तिन्ही पोरांची अंगडी-टोपडी गठुड्यात जपली होती, सगळ्यांची मिळून एक वाकळ करायची म्हणून. पण गिरणीतनं येऊन, भाकऱ्या थापून सुई हातात घेतली की दारात कुणीतरी उभं. "सुनंला पोरगं झालंय. तुमच्या गंगीचं अंगडं द्या की, तिच्यावानी धडधाकट व्हईल." बाळंतिणीच्या घरी न्हाय कसं म्हणायचं? गंगीची सगळी गेली, मग शिवाची गेली. लई चिडले. म्हणलं, आता चिंधीबी देणार न्हाय.

तर शेजारची काशीबाई आली, लेकीच्या तान्ह्यासाठी. तोंडावर न्हाय म्हणवंना. गठुड्यातलं एक अंगडं काढून पुढं धरलं. तिनं हात लांबवला आणि विचारलं, "कुणाचं हो हे?"

"बाळूचं."

बाळू मागल्या साली गोवरात गेलेला. काशीबाईनं हात मागं घेतला. "ऱ्हाऊ द्या. तशी घाई न्हाय."

त्यानंतर मागायला कुणी आलं न्हाय. चार दिवसांत वाकळ पुरी झाली. एकट्या बाळूची.