आठ जणांची खाणावळ

पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यामागच्या चाळीत नळ एकच होता. स्लोव्हाक मुलखातून नवऱ्यापाठोपाठ आलेली वेरोनिका बादली घेऊन रांगेत उभी होती. पुढच्या दोघी तिच्याच बोलीत बोलत होत्या, तशी ती कान देऊन ऐकू लागली.

“झुझाना, मातूशचा हात कसा आहे गं?”

“भाजलेली कातडी भरतेय, पण बोटं मिटत नाहीत. नवऱ्याचं काम गेलं, आता कारखान्याचं घरही सोडा म्हणतात.”

“अगं बाई! आणि तुझ्याकडे जेवून-राहून असलेले ते आठ जण? पांगले असतील.”

“मलाही तसंच वाटलं. म्हटलं, बाबांनो, दुसरी खाणावळ बघा. तर त्यांच्यातला ओंद्रेय म्हणतो, ‘मावशी, चूल कुठं हलवायची तेवढं सांग.’ नदीपलीकडे घरसुद्धा बघून आलेत मेले!”

“आणि मातूश?”

“एका हातानं बटाटे सोलतोय. सालीबरोबर अर्धा बटाटा जातो!”

“हसतेस काय? त्याची शुश्रूषा करून आठ जणांचं एकटी कशी रांधशील?”

“तीच काळजी आहे. पावाची कणीक मळणारी कुणी मिळाली, तर निभेल.”

“मी मळीन,” वेरोनिका एकदम बोलून गेली.

दोघी वळल्या.

“तू कुणाची गं?” झुझानानं विचारलं.

“कोपऱ्यातल्या खोलीतल्या पावोलची बायको. महिना झाला येऊन.”

“महिना झाला, आणि तोंड आज उघडलंस? ये पुढं, आधी तुझी बादली भर. मग माझी उचलायला हात लाव.”