एक पंखा की दोन?

(कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान. काउंटरवर तीन खोकी.)

दुकानदार : हे तिन्ही एकच ग्राफिक्स कार्ड आहे, काकू.

आई : एकच आहे तर तीन खोकी कशाला?

दुकानदार : नाव एक, अवतार तीन. हे छोटं, एका पंख्याचं, मेमरी सहा. हे दोन पंख्यांचं, मेमरी तेवढीच. आणि हे दोन पंखे, मेमरी आठ. स्वस्तातलं कार्ड आहे, पण नखरे महागाचे.

आई : मेमरी म्हणजे त्याचं डोकं?

लेक : डोकं नाही गं. तुझं कटिंगचं टेबल समज. टेबल मोठं असलं की अख्खं कापड एकदम पसरता येतं, तसं.

आई : मग आठ! टेबल मोठं मिळालं म्हणून रडलेली शिंपीण मला तरी अजून भेटलेली नाही.

दुकानदार : बघा ताई, काकूंना लगेच कळलं.

लेक : मला छोटंच द्या.

आई : अगं, कार्टूनं काढणार तू, त्यांना पळवणार, आपटणार, आणि त्या बिचाऱ्या कार्डाला पंखा एकच?

लेक : मोठं बसणारच नाही.

आई : का नाही बसणार? सकाळी मोजून आलेय मी. साडेनऊ इंच.

दुकानदार : मोठं कार्ड नऊचं आहे. बसलंच की मग!

लेक : साडेनऊ कुठलं? आठ आहे.

आई : आठच आहे. वर दीड इंच माया धरली.

लेक : आई! लोखंडी डबा आहे तो. पुढे उसवून सैल करणार आहेस का?

आई : हातात टेप आली की आपोआप धरली जाते बाई. इतक्या वर्षांची खोड.

दुकानदार : एक मिनिट हं. ताई, तुमचा कॉम्प्युटर मीच जोडून दिलाय. तो कपाटाएवढा. त्यात बारा इंची कार्डसुद्धा लोळत पडेल. मग हे आठ इंच कुठून आले?

लेक : ते... ते जाऊ दे ना.

दुकानदार : मी काही चुकीचं बोललो का?

आई : नाही हो, बरोबर बोललात. आठ इंच म्हणजे पलंगाखालचा डबा. जुन्या चादरीत गुंडाळलेला.

लेक : तू तो मोजलास?

आई : पलंगाखालचा केर कोण काढतं आपल्या घरात?

लेक : कधी कळलं तुला?

आई : मागच्या आठवड्यात. एवढासा डबा आणि वर धरायला कडी. घरात ठेवायच्या वस्तूला कडी कशाला असेल? तेव्हाच म्हटलं, पोरगी निघाली.

लेक : नोकरी लागलीय गं. कार्टूनच्या कंपनीत. खोलीवरही काम करावं लागेल, म्हणून सोबत नेता येईल असा छोटा कॉम्प्युटर घेतला. रोज ठरवायचे, आज सांगायचं. तू मशीनवर वाकलेली दिसायचीस आणि माझं तोंडच उघडायचं नाही. तुला एकटीला टाकून जायचं म्हणजे...

आई : मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? त्या रागात डॉक्टरीणबाईंच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

लेक : म्हणून त्या परवा तणतणत आल्या होत्या!

आई : नवी फॅशन आहे म्हटलं. नाही पटलं त्यांना.

दुकानदार : चहा मागवू का?

आई : चहा राहू द्या. त्या डब्यात बसेल असं कार्ड बघा, पण टेबल मोठं हवं.

लेक : आई, सहा पुरे मला.

आई : तू गप्प बस. एवढ्या लांब जायचं ते काय छोट्या टेबलावर अंग चोरून काम करायला?

दुकानदार : आत एक पडलंय तसं. सात इंची, मेमरी आठ, पंखा एक. पण आधीच सांगतो काकू, काम वाढलं की जाम घोंघावतं ते. लोक वैतागून परत आणतात.

लेक : मग नकोच ते.

आई : तेच द्या. घोंघावू दे की. परक्या गावात एकटी राहणार आहे ती. खोलीत काहीतरी आवाज असलेला बरा.