वैनीच्या शेताचा तळ

आम्ही मूळचे इथलेच, उमेळ्याचे, खाडीच्या अंगाचे. तुमच्या बिल्डिंगच्या कुंपणाला लागून जी दोन भाताची खाचरं दिसतात ना, ती आमचीच. म्हणजे आता वैनीची, दादा गेल्यापासून. माझ्या वाटणीचं मी कधीच विकून खाल्लं, त्याचं काही विचारू नका. मी गोखिवऱ्याला एका गाळ्यात फिटर आहे, तिकडेच केस पिकले. आणि आधीच सांगून ठेवतो, मला बोलायची सवय नाही. आमच्या घरात बोलायचं काम वैनीचं. दादा बोलायचा नाही, मी बोलत नाही, दोघांच्या वाटचं ती बोलते, आणि ती काय बोलते ते तुमच्या गेटवर तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. त्याच्यासाठीच आलोय मी. पण तुम्ही पडलात मास्तर, तुम्ही चहा पुढे केलात आणि विचारलंत की हरेश्वर, पेरायच्या आधी शेत नांगरतात कशाला. आता तिथूनच सांगावं लागेल, कारण सगळी भानगड तिथलीच आहे.

अहो, हाच प्रश्न, हाच. वैताग आलाय मला ह्या प्रश्नाचा. सुट्टी मागायला गेलो की गाळ्यातला सुपरवायझर म्हणणार, नांगरायला सुट्टी? दाणे फेक की, उगवतात आपोआप, पिंपळ नाही उगवत भिंतीत? वर हसणार. तुमच्या बिल्डिंगमधल्या बाया गॅलरीतून ओरडणार की ओ काका, मशीन बंद करा, मुलांची ऑनलाइन परीक्षा आहे, गवत तर काढायचंय ना, हाताने काढा. आणि आमचा निलेश, वैनीचा मुलगा, आचोळ्याला फ्लॅट घेऊन राहतो, तो मोबाइल नाकासमोर धरणार की काका बघ, आता न नांगरता शेती करतात, मातीला हात लावायचाच नाही, तुम्ही लोक उगाच मेहनत करता. मी म्हटलं बाबा, असेल, त्यांच्या जमिनीत असेल खरं, मी कुठे नाही म्हणतो. पण ती जमीन ती, ही जमीन ही. इथे पलीकडे मिठागर होतं, खाली खार झोपलाय. त्याला मोबाइल दाखवू का?

तर ऐका. मला हे दादाने नाही शिकवलं, वैनीने शिकवलं. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो. दादा होड्यांच्या कामाला जायचा, नांगर धरायची ती. बाईने नांगर धरू नये म्हणून गावात दोन म्हाताऱ्या कुजबुजल्या, तर वैनी बांधावरून म्हणाली, मंग या तुमी, धरा. कोणी आलं नाही. तिने मला बैलांच्या मागे घेतलं आणि सांगितलं की बघ हरेश, भात कापल्यावर ओल आहे तोवर एकदा फाळ फिरवायचा, नाहीतर उन्हाळ्यात खालचा खार वर चढतो, जमिनीवर पांढरा पापुद्रा धरतो. जमीन फोडून ठेवली की त्याची वाट मोडते. मग पावसात जमीन मऊ झाली की पुन्हा नांगर, गवत खाली, मुळं वर, माती मोकळी. आणि मग पानी भरलं की चिखलणी. चिखल असा करायचा की पायाला खडा लागता कामा नये, लोण्यासारखा. मग त्यात रोपं लावायची.

आता चिखलणी कशाला, तर तुम्ही म्हणाल रोपं लावायला सोपं जावं म्हणून. ते तर आहेच. पण खरी गोष्ट वेगळी. दरवर्षी त्याच खोलीवर चिखल केला, बैलांचे खूर त्याच खोलीवर दाबले, की वीतभर खाली माती घट्ट बसते. टोपाला बूड असतं ना, तसं बूड. आम्ही तळ म्हणतो. तो तळ आहे म्हणून पावसाचं गोडं पाणी वर उभं राहतं आणि खार खाली दबून राहतो. तो तळ एका माणसाचा नसतो. आमच्या आज्याने दाबला, त्याच्या बापाने दाबला, वैनीने दाबला. दिसत नाही, पण अख्खं शेत त्याच्यावर उभं असतं. म्हणून नांगर वीतभरच घालायचा, त्याच्या खाली नाही. हे मला माहीत होतं, मास्तर. माहीत नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

बैल गेले, दादाही गेला. मग पास्कू यायचा त्याचा पॉवर टिलर घेऊन. पास्कू म्हणजे चर्चच्या मागचा, वाडीत भाजी करतो तो, चांगला माणूस. टिलर हलका, फाळ वरवर जातो, काम नीट होतं. पण पास्कू सगळ्या गावाचा, त्याची वाट बघायची, तो आला की मी सुट्टी घ्यायची, सुट्टी घेतली की सुपरवायझरचं ऐकायचं, आणि मधेच पाऊस थांबून जमीन घट्ट झाली की टिलर अर्ध्यावर परत. माझं डोकं फिरलं होतं त्या वर्षी. रविवार नाही, सण नाही, गाळ्यातून सुटलो की वैनीचा फोन, हरेश, नांगराचं काय, हरेश, पास्कूला बोललास का. मला वाटायचं, जमीन हिची, मुलगा हिचा आचोळ्याला पंख्याखाली बसलाय, आणि मी का मरतोय.

तेव्हा तुमची बिल्डिंग नुकतीच उभी राहिली होती. तिथे मैदान सपाट करायला एक मोठा ट्रॅक्टर आलेला, घाटावरचा माणूस, त्याच्याकडे पलटी नांगर होता, उसाच्या जमिनीचा, केवढाले फाळ. मी त्याचा नंबर घेतला, गाळ्यातूनच फोन केला. तो बिचारा विचारत होता, हं, त्याचा दोष नाही, तो विचारत होता की काका, किती खोल घालू, इकडची जमीन मला माहीत नाही, तुम्ही येऊन उभे राहा. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, घाल खोल, एकदाच काय ते होऊन जाऊ दे, पुन्हा कटकट नको. वैनी तेव्हा बहिणीकडे गेली होती. मी गेलोच नाही बघायला.

संध्याकाळी बांधावर आलो. माती वर आली होती ती काळी नव्हती, निळसर राखेच्या रंगाची होती, खालची, वास मारत होती खाजणातल्या चिखलासारखा. मोठमोठी ढेकळं. एक उचललं, जिभेला लावलं. खारट. मी काय करावं? मी पास्कूला बोलावलं, ढेकळं फोडून वरवर टिलर फिरवून घेतला, सपाट केलं. पास्कूने एक ढेकूळ उचलून वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. वैनी आली, म्हणाली, अरे वा, लवकर झालं रे ह्या टायमाला. मी म्हणालो, हो.



त्या पावसाळ्यात पाणी उभं राहिना. पाऊस पडायचा, खाचर भरायचं, सकाळी बघावं तर ओला चिखल. रोपं लावली ती शेंड्याला जळाली, पिवळी पडली. वैनी डोक्याला हात लावून बसली बांधावर. मग तिची नजर गेली तुमच्या कुंपणावर. तुमचं गटार शेजारून काढलेलं. तिने ठरवलं, ह्यांच्या गटाराने माझं पानी ओढलं, ह्यांच्या घाणीने माझं भात जळलं. तुम्हाला माहीतच आहे पुढचं. सकाळी दूधवाला येतो तेव्हा ती गेटवर. तुमच्या सेक्रेटरीच्या सात पिढ्यांचा उद्धार. त्या वॉचमनला म्हणाली, तुझा साहेब भात खातो ना, मंग माझं भात का मारतो? पालिकेच्या ऑफिसात अर्ज, माणसं आली, बघून गेली, गटारात काही सापडलं नाही, तर म्हणाली पैसे खाल्ले. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. आणि मी तिच्या मागे छत्री धरून उभा. खरंच सांगतो, छत्री धरून. लोक म्हणायचे, बघा दीर कसा पाठीशी आहे वैनीच्या.

तुम्ही म्हणाल बोललास का नाही. काय सांगू तुम्हाला. पहिल्या वर्षी वाटलं, पुढच्या चिखलणीत बसेल तळ, मग कशाला बोला. पुढच्या वर्षी वाटलं, आता इतके दिवस बोललो नाही, आता कसं बोलू. असंच. माणूस मुका असला की त्याचं सगळ्यांना बरं वाटतं, शांत आहे म्हणतात, आत काय कुजतंय कोण बघतो. बायकोला नाही सांगितलं. पास्कूला ठाऊक होतं, पण पास्कू रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाऊन येताना भेटला तरी फक्त मान हलवायचा. मला त्याचा राग यायचा. त्याने ओरडून सांगावं असं वाटायचं. म्हणजे माझं काम त्याने करावं. बघा आता!

ह्या उन्हाळ्यात निलेश आला. म्हणाला, आई, तीन वर्षं झाली, पोतंभर भात येत नाही, एक पार्टी आहे, भराव टाकून देतात, जागा भाड्याने जाईल, टेम्पो लावतील. मला वाटलं वैनी त्याला झाडूने मारेल. तिने नाही मारलं. ओट्यावर बसून सुपात सुका जवळा निवडत होती, मान वर न करता म्हणाली, टाक. माझाच हात फिरला आता. माझ्या हाताला भात येत नाय. कोनाचं काय नाय, बिल्डिंगचं पन नाय, माझाच हात गेला.

मास्तर, तिने बिल्डिंगला दोष दिला तोवर मी निभावलं. तिने स्वतःच्या हाताला दोष दिला आणि माझा धीर सुटला. ज्या बाईने मला फाळ कसा धरायचा ते शिकवलं, ती म्हणते हात गेला. मी तिथेच म्हणालो, वैनी, हात नाही गेला. मी तळ फोडला. ट्रॅक्टर मी लावला, खोल घाल मी म्हणालो, आणि बघायला आलो नाही.

निलेश म्हणाला, तळ म्हणजे? 

वैनीने जवळ्याचं सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता रडेल, आता मारेल. ती म्हणाली, कंच्या ट्रॅक्टरने? मी म्हणालो, पलटी नांगराच्या. किती खोल? मी हात दाखवला, कोपरापर्यंत. तिने माझा हात बघितला, आणि मग सुरू झाली. म्हणजे तीन पावसाळे मी त्या लोकांना शिव्या घातल्या, त्या सेक्रेटरीच्या आईला मी काय काय बोलले, ती बिचारी मेली पन गेल्या वर्षी, आता त्या शिव्या कोन परत घेनार? तुझा बाप? आणि तू छत्री धरून हुबा होतास रे! पाऊस लागू नये म्हनून! अरे, मला भिजू द्यायचं होतंस, पन बोलायचं होतंस! असं संध्याकाळपर्यंत. शेजारची माणसं अंगणात येऊन उभी राहिली, हसत होती काही. मी खाली मान घालून ऐकलं. दमून ती आत गेली, आणि आतून ओरडली, निलेश, तुझ्या पार्टीला सांग, भराव नको, तळ बसवायला आमचा माणूस सापडला.

म्हणून आलो मास्तर तुमच्याकडे. तिचं म्हणणं, प्रत्येक मजल्यावर जायचं, बेल वाजवायची आणि सांगायचं, गटाराचा दोष नव्हता. लिफ्ट वापरायची नाही, हे पण तिचंच. तुमचा मजला शेवटचा. खालच्या एका ताईंनी दार लावून घेतलं तोंडावर, बरोबर केलं त्यांनी. सेक्रेटरींनी पाणी दिलं, बसा म्हणाले, ते जास्त लागलं.

आता तळ पुन्हा बसवायचा तर घाई चालत नाही. जुनी माणसं गुरं फिरवायची चिखलात, आता गुरं कुठली? पास्कू वरवर टिलर फिरवतो, पण टिलरला खूर नाहीत. खूर मी. सकाळी गाळ्यावर जायच्या आधी खाचरात उतरतो आणि तुडवतो, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, टाच दाबून. निलेशही दोनदा आला, पँट वर करून, कंटाळला, पण आला. सुपरवायझर विचारतो पाय का सुजलेत, मी सांगत नाही. गेल्या आठवड्यात कुंपणाकडच्या कोपऱ्यात पाणी रात्रभर राहिलं, सकाळी त्यात बगळा उभा होता. मधल्या भागात अजून नाही राहत. ह्या वर्षी लावणी नाहीच. वैनी म्हणते, रोपं मारायला लावायची का? आधी पानी राहू दे.

तिने मला माफ केलं असं नाही हं. तसं काही बोलली नाही आणि बोलणारही नाही. बांधावर बसते, मी तुडवताना बघते, चुकलं की ढेकूळ फेकून मारते, नेम अजून चांगला आहे तिचा. काल विचारलं मी, वैनी, किती पावसाळे लागतील गं. तिने खाचराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या पिकल्या डोक्याकडे बघितलं. म्हणाली, लागतील तेवढे लागतील. तोवर तू मरायचं नाय, हरेश. आनि मी पन नाय.