कानाशी नेलेला हात

मोरोक्कोतल्या मेकनेस शहरात, दवाखान्यात घिझलान पेंगुळलेल्या लेकाला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी यामना आणि तामू या दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

“यामना, अर्धांगाने तुझ्या नवऱ्याचा हात लुळा पडला, कळलं. पण खांदा कसा निखळला?”

“माझ्यामुळेच गं. नमाज सुरू करताना अल्लाहु अकबर म्हणत दोन्ही हात कानाशी जायला हवेत ना? यांचा तो हात मी दर वेळी ओढून वर न्यायची.”

“आधीही लोंबतच होता की.”

“डॉक्टर म्हणाले, नुसत्या लोंबत्या हाताला जागेवर राहायला जोर फारसा लागतच नाही. सांध्याभोवती घट्ट बंद पिशवी असते, आत हवा नाही. त्यावरच हाडाचा गोळा खांद्याच्या वाटीत टिकतो, अगदी झोपेतही. मी ती पिशवीच सैल केली.”

घिझलानने लेकाच्या लोंबत्या हाताखाली हळूच तळवा धरला.

“आता?”

“उशीचा आधार द्या, ओढू नका म्हणालेत डॉक्टर. पण हे म्हणतात, एका हाताचा नमाज मी पढणार नाही.”

“मशिदीतल्या फकीहांना विचारायचंस.”

“ते चालेल म्हणाले. आमचे कुणाचं ऐकतात?”

“मग?”

“आज पहाटे यांचं कोपर उशीवर टेकवलं, आणि त्यांच्या त्या बाजूच्या कानाशी माझा हात नेला.”

“काही बोलले?”

“बोलले ना. अल्लाहु अकबर.”